विहिणीच्या घरचं पाणी

कल्पना करा, पाणी पिऊन पोट टम्म झालंय, लघवीला लागलीय आणि तशातच कडक टेबलावर अजिबात न हलता पडून राहायचंय. खोलीत दुसरं कुणी नाही. यंत्र तुमच्याभोवती फिरतंय. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतात, म्हणून हा खटाटोप.

लोणी काळभोरच्या दुर्गाबाई सोमवार ते शुक्रवार पुण्याला येऊन हे करत होत्या. नर्सरीत गुलाबाची कलमं बांधणाऱ्या या बाईंना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला होता. डॉक्टर हेमांनी सुरुवातीलाच समजावलं होतं: रोज रेडिएशन आणि आठवड्यातून एकदा केमो. केमोमुळे गाठीतल्या पेशींना किरणांचा मार सोसवत नाही. दोन्ही बरोबर दिलं की बरं होण्याची शक्यता वाढते. केमोचं औषध मूत्रपिंडांना जड जातं, तेव्हा दिवसभर भरपूर पाणी प्यायचं, हेही त्यांनी बजावलं होतं.

तिसऱ्या केमोआधी रक्त तपासलं, तर मूत्रपिंडांवर ताण आलेला दिसला. डॉक्टरांनी त्या आठवड्याचा केमो रद्द केला. मूत्रपिंडं सावरली नाहीत तर पुढचेही देता येणार नाहीत, निव्वळ रेडिएशनवर भागवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मग पाण्याचं विचारलं.

"पिते की," दुर्गाबाई म्हणाल्या.

"आत्या, कधी पिता तेबी सांगा," शेजारी बसलेली सून दीपमाला म्हणाली.

तेव्हा कुठे उलगडा झाला. दुर्गाबाई पाणी प्यायच्या ते फक्त रेडिएशनच्या आधी. घरून निघताना घोट नाही, परततानाही नाही. बस हडपसरच्या कोंडीत अडकली तर बाईमाणसानं जायचं कुठं? नर्सरीतल्या साऱ्याजणी अशीच तहान मारून दिवस काढत. त्यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

दीपमालाचं माहेर हडपसरलाच, बसथांब्याजवळ. जातायेता तिथं उतरू, असं तिनं सुचवलं. दुर्गाबाई साफ नाही म्हणाल्या. विहिणीच्या घरी मानानं जायचं असतं, लघवीला नाही. दीपमालानं वाद घातला नाही. आईला फोन केला.

दुसऱ्या दिवशी हडपसरला बस थांबली, तर दीपमालाची आई हिराबाई पाण्याची बाटली घेऊन खिडकीखालीच उभ्या.

"लग्नात मानपानावरून रुसला होता ना? आता रोज मान घ्या, विहीणबाई. संडास घासून ठेवलाय."

अर्धी बस ऐकत होती. दुर्गाबाई लाजल्या, मग पदर तोंडाला लावून हसत खाली उतरल्या.

तेव्हापासून त्या घरून पाणी पिऊन निघू लागल्या. हडपसरला थांबा ठरलेला. कधी हिराबाई भाताची पेज पुढ्यात ठेवायच्या आणि उलटी झाली तर आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवू नका, म्हणायच्या. पुढच्या रक्त तपासणीत मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारे आकडे खाली आले. सलाइनसोबत केमो पुन्हा सुरू झाला आणि नंतरचा एकही चुकला नाही.

आता बाहेरून द्यायचं रेडिएशन संपलंय, आतून द्यायचं बाकी आहे. गाठ बरीच आकसल्याचं डॉक्टरांनी परवा तपासून सांगितलं. एक केमो हुकल्यानं सहसा फार बिघडत नाही, पण पक्कं काय ते उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, तपासणीतच कळेल, असंही म्हणाल्या.

दुर्गाबाईंनी मान डोलावली. दारापर्यंत गेल्या आणि तिथूनच वळून त्यांनी विचारलं, "बाई, त्या एका आठवड्यात गाठीला दम खायला सापडला असंल का हो?"