मिठाचा बर्फ

शिशाचा डबा टेबलावर ठेवला की आमचा शिपाई खांद्यावरच्या दुपट्ट्यानं आधी डब्याचा घाम पुसायचा, मग स्वतःचा. डबा एवढा जड, की एसटीत तो ज्या बाजूला बसेल त्या बाजूची चाकं खचायची. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा. मी सांगून सांगून थकलो.

ऐंशी सालानंतर वर्ध्यातल्या आमच्या दवाखान्यात कॅन्सर शोधायची नवी तऱ्हा आली. किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेली प्रतिपिंडं शिरेतून टोचायची. ती गाठ शोधून तिला बिलगतात आणि फिल्मवर तिथं ठिपका उमटतो. फिल्म काढायचो मी. औषध नागपूरच्या विमानतळावरून त्या शिशाच्या डब्यात, बर्फात घालून आणायचा तो.

पेशंट घाबरला की तो समजवायचा, "हा पोस्टमन हाये, बाई. आंगभर हिंडते. पत्ता नाई सापडला तं आपलं भाग्य."

एकदा वर्ध्याची गाडी चुकली म्हणून तो हिंगणघाटच्या गाडीनं जामच्या फाट्यावर उतरला. बर्फ संपत आलेला. नाक्यावरच्या कुल्फीवाल्यानं बर्फ दिला आणि सवयीनं वर मूठभर मीठ मारलं. मिठानं बर्फ आणखी गार झाला, औषध गोठून दगड. डॉक्टर म्हणाले, गोठलं म्हणजे वाया गेलं. तेव्हापासून तो वरणातही मीठ घालत नाही, असं मी पेशंटांना सांगायचो. तोही मान डोलवायचा.

पुढं त्याच्याच आतड्यातल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. वर्षभरात तो इतका वाळला, की मी म्हणायचो, आता डबाच याला उचलून आणतो. रोग परतलाय का ते पाहायला डॉक्टरांनी त्याच्यासाठी औषध मागवलं. दुसऱ्याला पाठवतो म्हटलं तर ऐकेना.

"माहा पोस्टमन मीच आणतो, भाऊ."

दुपारी आला. डबा पुसला, स्वतःला पुसायचं राहिलं. बाटली काढली तर आत दगड. डब्यातल्या पाण्यात बोट बुडवून मी जिभेला लावलं. खारट.

तो स्टुलावर बसला.

"लय लोकाइचे पत्ते पाह्यले, भाऊ. थकलो. मले माहा नाई पाहाचा."

डॉक्टर आले तेव्हा मी आयुष्यातली सगळ्यात साधी थाप मारली. म्हटलं, विमानातच गोठलं असेल, वर फार थंडी असते. त्यांनी मानलं. नवी बाटली यायला दोन महिने लागणार होते. तो तेवढा थांबला नाही.

ती आणायला मी गेलो. पेशंट दुसरीच कोणी होती. डब्याला त्याचाच दुपट्टा गुंडाळला होता, काठाला मिठाची पांढरी रेघ. शेजारच्या सीटवर डबा ठेवला आणि वर्ध्यापर्यंत वाट पाहिली. एसटी कुठल्याच बाजूला झुकली नाही.