शालूबाईची पाटी

हट्ट्याच्या शालूबाईचा नवरा नागोजी अडतीस साली बाळापूरच्या बाजाराला गेला, तो परत आलाच नाही. मेल्याचा निरोपही कुणी आणला नाही, म्हणून ती कुंकू लावतच राहिली.

पुढं परगावचे एक गुरुजी दुपारी आम्हा बायांना अक्षरं शिकवू लागले. क, म, ल चालू असताना शालूबाई खुशाल पेंगायची. मठ्ठ आहे, असं आम्ही शहाण्यांनी ठरवून टाकलं. पण नांगराचा न आला आणि ती ताठ बसली. ग आणि ज तर तिनं आपणहून मागून घेतले. काना, मात्रा, वेलांटीसाठी गुरुजींच्या मागंच लागली. चुलीच्या राखेत, परातीतल्या पिठात तीच अक्षरं गिरवायची. भाकर करपली तरी तिला वास यायचा नाही.

एके दिवशी तिनं पाटीवर पुरा शब्द काढला. गुरुजी म्हणाले, "वाचा."

ती गप्प. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं कसं घ्यावं? गुरुजींना वाटलं, नुसती नक्कल केली. त्यांनी पुसायला फडकं उचललं.

शालूबाईनं पाटीवर आडवा हात धरला.

"पुसू नका गुर्जी. आत्ताच तर घरी आलेत."