मशीन तापेपर्यंत जानराव

केनवडच्या जानरावला कशालाही उकळी फुटेपर्यंत दम निघत नसे. चहा तो कोमटच प्यायचा आणि भाकरी फुगायच्या आत तव्यावरून ताटात ओढायचा. हे घरातल्या घरात चालून गेलं असतं. पण लेकीच्या, निकिताच्या लग्नात या बाबानं वाफ बसायच्या आधीच भाताच्या गंजांची झाकणं उघडली आणि शिरपूरच्या अख्ख्या वऱ्हाडाला कचकच भात वाढला. तेव्हापासून सासरी निकिताला 'कच्च्या भाताची सून' म्हणतात. पोरगी हसून सांगते, पण जानरावच्या काळजाला ते लागतं.

अशा माणसानं ढोरांसाठी गोळी पेंड करायची मशीन घ्यावी, याला काय म्हणावं! तिच्यात छिद्रांची एक जाड लोखंडी चकती असते. आधी तेल चोळलेला कोंडा त्या छिद्रांतून पुन्हा पुन्हा काढायचा. चकती तापली, पाण्याचा थेंब तिच्यावर चुर्र करून उडाला, की मगच खरा माल टाकायचा. थंड चकतीतून गोळी येत नाही, भुगा येतो, नाहीतर छिद्रंच बुजतात. जानरावनं गेला आठवडाभर भुगाच पाडला होता. रोज संध्याकाळी तो खिळा-हातोडी घेऊन छिद्रं मोकळी करी आणि मशीनवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

आज मात्र खुद्द व्याही ग्यानबा मशीन बघायला येणार होते. आजही भुगा पडला तर पोरीला आणखी एक नाव चिकटणार. म्हणून त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, मालाचं घमेलं आपल्याच मांडीशी धरून ठेवलं.

"थेंब उडाल्याबिगर घमेल्याले हात लावसान, तं पाहा," तिनं बजावलं.

ग्यानबा आले. जानराव ओठ चावत कोंडा टाकत राहिला. शेवटी एकदाचा थेंब उडाला! त्यानं घमेल्याकडे हात केला, तोच ग्यानबा म्हणाले, "थांबा इवाई, नव्या मशीनले नारळ नाई फोडला?"

व्याह्यांचा मान, नाही कसं म्हणायचं? मशीन बंद केली. ग्यानबांनी नारळ थेट चकतीच्या काठावर आपटला. सगळं पाणी भसकन आत गेलं, वाफ उठली आणि नंतर टाकलेला थेंब चकतीवर निवांत पसरून बसला.

"टाका आता माल! कायची वाट पाहून राह्यले?"

जानरावचा हात घमेल्यापर्यंत गेला. पंचफुलानं डोळेच मिटून घेतले. पण त्याला निकिताचा चेहरा आठवला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं हात मागं घेतला.

"बसा इवाई, चहा घ्या. हिले अजून तापू द्या लागते."

"अन् किती येळ?"

"लागन तेवढा."

चहा झाला, पोहे झाले, गावगप्पा संपल्या. ग्यानबा चुळबुळत उठले की जानराव त्यांना पुन्हा बसवी. पुन्हा सुरू केलेल्या मशीनमधून कोंडा चालूच होता. अखेर थेंब उडाला, माल पडला आणि खालून टणटणीत गोळ्या बरसू लागल्या. जानरावनं त्या आनंदानं ओंजळीतच झेलल्या.

"अवो, निवू तं द्या!" पंचफुला ओरडली, पण बोटं भाजून झाली होती.

तूर वाळली का हे पाहावं तशी ग्यानबांनी एक गोळी दाढेखाली धरली. कट्ट! त्यांनी मान डोलवली, दुसरीही चावली, आणि फोन काढून सुनेला लावला. जानराव बोटं फुंकायचं विसरून ऐकू लागला.

"निकिता, तुया बाबानं आज पक्कं शिजवलं. मी सोता चावून पाह्यलं."