जप्तीतल्या जीपचा आवाज

चाळीसहून अधिक वर्षं झाली, पण त्या एका गुन्ह्याची आठवण माझा पिच्छा सोडत नाही. इतर गुन्हे मी लोकांना हौसेने सांगतो. हा सांगत नाही, कारण यात मिरवावं असं मी काहीच केलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. अंबड तालुक्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. ठाण्याला गाडी नव्हती. दोन सायकली होत्या, त्यातली एक कायम पंक्चर. लांबच्या तपासाला जायचं तर एसटीने, नाहीतर कुणाच्या तरी बैलगाडीतून. कालव्याचं काम त्या भागात जोरात चालू होतं आणि एका सरकारी खात्याच्या जीपा दिवसभर भरावावरून धूळ उडवत फिरायच्या.

त्यातल्याच एका जीपने दुपारी कामावरच्या मजूर बाईला चिरडलं. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन ती भरावाच्या उजव्या कडेने चालली होती. जीप डावीकडे वळायच्या जागी एकदम उजवीकडे गेली. बाई जागीच गेली. मुकादमाने फिर्याद दिली, मी पंचनामा केला, जीप ताब्यात घेऊन ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी केली आणि ड्रायव्हरला कोठडीत घातलं. गुन्हा निष्काळजीपणाने मृत्यूचा, कलम तीनशे चार अ.

संध्याकाळपर्यंत खबरही आली. वडीगोद्रीच्या रस्त्यावर चहाचं हॉटेल चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. तो म्हणाला, ड्रायव्हर सकाळपासून पिऊन होता. डॉक्टरांना तपासणीत दारूचा वासही आला नाही. पण खबर कानात शिरली की ती बाहेर काढणं अवघड असतं. माझं मत तिथेच बनलं.

ड्रायव्हर घनसावंगीकडचा, बौद्ध समाजातला, पंचविशीतला. खात्यात तात्पुरत्या हजेरीवर होता आणि महिना-दोन महिन्यांत कायम होणार होता. घरात सरकारी नोकरीत लागलेला तो पहिलाच माणूस. मी त्याला समोर बसवलं.

"किती प्यायला होतास?"

"साहेब, मी पेत न्हाई. गाडीच्या पुढच्या अंगातून आवाज येऊ राह्यला व्हता. पंधरा दिस झाले. डावीकडं वळवली की घर्र करून वाढायचा. म्या दोनदा सांगितल्तं आमच्या साहेबांला. ते म्हनले, कामाचा सीझन हाये, चालव तशीच."

"मग आज काय झालं?"

"वळवली अन् उजवं चाक धरलं कुणीतरी, असं झालं. स्टेरिंग हातातून ओढून नेलं, साहेब."

मी त्याच्या कानाखाली दोन दिल्या. दोष गाडीवर ढकलणारे ड्रायव्हर मी बरेच पाहिले होते. प्रत्येकाचे ब्रेक अपघाताच्या दिवशीच फेल होतात, असा आमचा ठाण्यातला विनोद होता. त्याच्या साहेबांचा जबाब घेतला. त्यांनी चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं की गाडीबद्दल कधीच कुठली तक्रार आली नव्हती. साहेब इस्त्रीच्या कपड्यात होते, ड्रायव्हर रडत होता. विश्वास कुणावर ठेवायचा हे मी तेवढ्यावर ठरवलं. ड्रायव्हर जामिनावर सुटून गावी गेला.

आता माझी करणी सांगतो. अपघातातल्या गाडीची तपासणी मोटार वाहन निरीक्षकाने करायची असते. ते औरंगाबादहून यायचे, त्यांना सवड होईल तेव्हा. तोवर मुद्देमाल जसाच्या तसा ठेवायचा, असा नियम. पण जप्तीतली चालू गाडी आवारात असताना सायकल मारणारा फौजदार तेव्हा तरी मला माहीत नव्हता. सगळेच वापरायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आठवड्याभरात मंत्र्यांचा दौरा लागला. बंदोबस्ताची जागा दहा मैलांवर. मी ड्रायव्हिंग जाणणारा एक शिपाई घेतला आणि जीप बाहेर काढली.

फाट्यापर्यंतही गेलो नसू. पुढून घरघर सुरू झाली. डावीकडे वळलो की वाढायची, उजवीकडे वळलो की जवळजवळ थांबायची. शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मला काय आठवलं असेल, असं वाचकांना वाटतं? मला आठवलं फक्त एवढंच, की मंत्र्यांसमोर गाडी बंद पडली तर लाज जाईल. मी ती अंबडला एका मिस्तरीकडे नेली.

मिस्तरी वयस्कर मुसलमान गृहस्थ. बोलणं कमी, कान तिखट. आधी स्वतः गाडीत बसून शिपायाला ती चालवायला लावली. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा टाकायला लावला, मग काढायला लावला. आवाजात फरक नाही. "गेर का काम नहीं है," एवढंच म्हणाला. मग जॅक लावून उजवं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. चाक लटपटलं. स्प्रिंगवर एक हात ठेवून दुसऱ्याने ते हळूहळू फिरवलं आणि मला म्हणाला, "हात रखो, साहेब. बराबर कळंल." हाताला खडखड लागली. बेअरिंग बाहेर काढलं तर त्याची कडी फुटलेली, दोन रोलर आडवे पडलेले.

"हे आजचं न्हाई, साहेब. बहोत दिन से बोल री थी गाडी. चालता-चालता एखादा रोलर अडकला, तर चाक जाम. गाडी तिकडंच खेचणार."

मी म्हणालो, "जल्दी बदल." त्याने दुसरं टाकलं, ग्रीस भरलं. बंदोबस्त छान पार पडला. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

त्यानंतर चार दिवसांनी निरीक्षक आले. त्यांनी ब्रेक पाहिले, स्टेरिंग पाहिलं, आवारात एक फेरी मारली. गाडी लोण्यासारखी चालत होती. अहवालात लिहिलं, कोणताही यांत्रिक दोष आढळला नाही. तो कागद मी दोनदा वाचला आणि फायलीला लावला. तोवर मला काही कळलंच नव्हतं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. स्प्रिंगवर हात ठेवला तेव्हाच कळलं होतं. मी कळू दिलं नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मिस्तरी स्वतः ठाण्यात आला. जुनं बेअरिंग फडक्यात बांधून आणलं होतं. कुणाकडून तरी त्याला कळलं होतं, ती जीप कुठली ते.

"साहेब, हे त्याच गाडीचं हाये. पोरगा बेकसूर हाये. मी कोर्टात बोलतो, मला काही भ्याव न्हाई."

तपासात असा साक्षीदार चालून येणं म्हणजे पर्वणी. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, "मुद्देमालाची गाडी उघडलीस. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा लागतो, माहीत आहे?"

"मी उघडली? तुमीच आनली ना, साहेब."

"आणली याचा कागद आहे तुझ्याकडे?"

त्याच्याकडे कुठला कागद असणार? फडकं टेबलावर ठेवून तो गेला. त्या बेअरिंगची नोंद ठाणे दैनंदिनीत झाली नाही. मी ते मागच्या आडात टाकलं आणि दोषारोपपत्र पाठवलं.

अंबडच्या कोर्टात ड्रायव्हरच्या वकिलाने मला एकच नेमका प्रश्न विचारला. जप्तीपासून तपासणीपर्यंत गाडीत काही दुरुस्ती झाली होती का? खरं बोललो असतो तर माझी खातेनिहाय चौकशी झाली असती, कदाचित नोकरी गेली असती. तो कदाचित सुटला असता. मी म्हणालो, "नाही." आवाज अजिबात कापला नाही. सवय असते.

सहा महिने सक्तमजुरी झाली. कायम होणं राहिलं, होती ती हजेरीही गेली. शिपाई त्याला घेऊन निघाला तेव्हा तो व्हरांड्यात माझ्यापाशी थांबला. मला वाटलं, शिव्या देईल. त्याने हळू आवाजात विचारलं, "साहेब, तुमी चालवली म्हनत्यात ती गाडी. आवाज आल्ता ना?"

सुटकेची आशा त्याने सोडली होती. तो खोटं बोलला नव्हता, एवढं एका माणसाने म्हणावं, इतकीच त्याची मागणी होती. मी शिपायाला म्हणालो, "चल, ने याला."

अशा लेखाच्या शेवटी तपासाने काय शिकवलं ते लिहायचं असतं. मी एवढंच शिकलो की बेकसूर माणूस तुरुंगात जायला कुणी फार दुष्ट असावं लागत नाही. माझ्यासारखा कामसू, वक्तशीर आणि वरिष्ठांच्या मर्जीतला अधिकारी पुरतो. त्या वर्षी माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा पडला, पुढे बढती मिळाली. तो सुटून आल्यावर कुठे गेला, हे शोधणं पोलिसाला अवघड नव्हतं. मी शोधलं नाही. माझं पेन्शन मात्र दर महिन्याला वेळेवर येतं.