ठोंबरे सरांच्या वहीतली उद्दिष्टं

‘इंग्रजी ही जगाची भाषा आहे’ असं म्हणणाऱ्या मुलाला ठोंबरे सर तास संपेपर्यंत उभं करायचे. जून महिन्यात नववीचा पहिला तास असला की हे ठरलेलं. हजेरी झाली की पुस्तक बाजूला सारून एकेकाला विचारायचे, “तुला इंग्रजी कशाला पायजे रं?” पोरं बिचारी निबंधातली वाक्यं म्हणायची. ज्ञानाची खिडकी, प्रगतीचा मार्ग वगैरे. “जगाचं मरू दे,” सर म्हणायचे, “जग काय कर्जतला तुला भेटायला येतंय? तुझं बोल. तुला सोताला कशाला पायजे?”

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचे. मधली भिंत अशी की पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि मला ऐकायची हौसही होती, खोटं कशाला बोलू! आमचं घर कर्जत गावातलं, आजोबा वकील, वडील शिक्षक. शुद्ध बोलण्याचा मला भारी तोरा. इंग्रजीचा मास्तर आणि ‘हाय-नाय’ बोलतो म्हणजे काय, असं मी स्टाफरूममध्ये चारचौघांत म्हणून मोकळी झाले होते. सरांच्या कानावर गेलंच. ते म्हणाले, “बाई, मी इंग्रजी शिकवतो. मराठी माझ्या आयनं शिकवली, तक्रार तिच्याकडं करा. ती भिवपुरीच्या पुढं ऱ्हाते, बैलांना घाबरत नसाल तर जा.” त्या दिवसापासून आमचं जमलं.

दिसायला सर अगदीच किरकोळ. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पँटचा पट्टा एक फेरा जास्त गेलेला, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत नखांत चिखल. पहाटे शेतात, अकरा वाजता वर्गात. मुलांची उत्तरं ते टाचणवहीत लिहून ठेवायचे. टाचणवही म्हणजे उद्या काय शिकवणार आणि त्यातून काय साधणार, हे लिहायची आम्हा शिक्षकांची वही. तिच्यात ‘उद्दिष्टे’ असा एक रकाना असतो. तो आम्ही सगळे गाइडमधून उतरवायचो, आता तर व्हॉट्सअ‍ॅपवर आयता येतो. माझ्या वहीत वर्तुळाच्या प्रकरणाखाली ‘विद्यार्थ्यांच्या मनात राष्ट्रप्रेम जागृत होईल’ असं लिहिलेलं होतं. कितीतरी वर्षं होतं. कोणी वाचलं तर ना!

सरांच्या त्याच रकान्यात मात्र पोरांची नावं असायची. ‘रोशन: बदलापूरचा मामेभाऊ इंग्लिश मीडियमला जातो, त्याला दिवाळीत गप्प करणे.’ ‘अक्षय: वडील रसायनीला कारखान्यात आहेत, तिथल्या ड्रमवर काय लिहिलंय ते वाचून सांगणे.’ ‘प्रणय: मोबाईलच्या खेळात समोरचा शिव्या देतो, त्या समजणे. (देणे नव्हे.)’ ज्याचं साधलं त्यानं येऊन स्वतःच्या हातानं आपली ओळ खोडायची, असा नियम. पोरं परीक्षेच्या मार्कांपेक्षा त्या खोडण्यासाठी जास्त धडपडायची. रोशननं मामेभावाला दिवाळीत नाही, पण होळीला गप्प केलं, आणि ओळ खोडताना पान फाडलं.

त्या वर्षी सानिका नावाची एक मुलगी होती. शेवटच्या बाकावरची, हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हटलेलंही ऐकू न येणारी. तिची आई एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची. आमच्याकडे आता भातापेक्षा फार्महाऊसंच जास्त उगवतात. शनिवारी मुंबईहून गाड्या येतात, रविवारी जातात. सरांनी तिसऱ्यांदा विचारल्यावर कुठे सानिकानं उत्तर दिलं, “सर, ते लोक आईसमोर इंग्रजीत बोलतात. काय बोलतात ते कळायला पायजे.” भिंतीच्या अलीकडे मी खडू हातात धरून तशीच थांबले. सर म्हणाले, “लिवतो. ह्याला म्हणायचं उद्दिष्ट.”

सहा महिने सरांनी तिच्या मागे काय मेहनत घेतली! मधल्या सुट्टीत ते मलाही ओढायचे. आम्ही दोघं मुंबईची माणसं व्हायचो आणि सानिकासमोर इंग्रजीत गप्पा मारायचो. मी भाजीला नावं ठेवायची, सरांनी पावसाला, आणि तिनं नंतर सांगायचं काय काय बोललो ते. सर मला दटावायचे, “बाई, पुस्तकासारखं नका बोलू, नाकात बोला. ते लोक नाकात बोलतात.” मी नाकात बोलायचे. कर्जतच्या वकिलांची नात! माझ्या नोकरीतला तेवढाच काळ मला खरोखर मजेचा वाटला.

मग एका रविवारी ते घडलं. फार्महाऊसच्या बाई पाहुण्यांशी काही खाजगी बोलत होत्या. सानिकाची आई भाकरी वाढत होती. तिच्याकडे बघून पाहुणे जरा अडखळले, तर बाई इंग्रजीत म्हणाल्या, बोला बिनधास्त, ही म्हणजे आमचं फर्निचर आहे. आईच्या मदतीला गेलेली सानिका दारात पाण्याचा जग घेऊन उभी होती. ती म्हणाली, “माय मदर इज स्टँडिंग हिअर.” बस, एवढंच. चार शब्दांच्या वर बोलायची तिची ऐपत नव्हती, पाचवा त्या दिवशी बोलली. दुसऱ्या दिवशी आईला निरोप आला, आता यायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी आई शाळेत. नुसती आली नाही, फाटकापासून ओरडत आली. “कुठं हाय तो इंग्रजीचा मास्तर? बारा वरसं काम केलं मी! कान बंद ठेवून केलं! पोरीला ऐकायला कोणी शिकवलं?” हेडमास्तर केबिनमधून बाहेर आले आणि परत आत गेले. सर व्हरांड्यात उभे राहिले. “मी शिकवलं, ताई. बोलायचं तिचं तिनं केलं.” आई म्हणाली, “काय बोलली वो ती बाई? पोरगी मला सांगत नाय. तीन दिस झाले, रडते, पन सांगत नाय.” सरांनी वर्गाच्या दारात उभ्या सानिकाकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको. सर म्हणाले, “तुमाला काय कळत नाय, असं बोलली.” “मग बराबरच हाय की,” आई म्हणाली. पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, “पोरीला कळलं पन.” आणि गेली. महिन्याभरात तिला दुसरं फार्महाऊस मिळालं, भाकऱ्या करणारं माणूस इथे मोकळं राहत नाही.

आता खुर्चीचं सांगते. आमचे हेडमास्तर मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. सेवाज्येष्ठतेनं पहिले ठोंबरे सर, दुसरी मी. त्यानंतर सरांचं नोकरीचं एकच वर्ष उरत होतं. मी एकदा विचारलं, हवी का हो ती खुर्ची? मला वाटलं, ‘छे, मला काय करायची’ असं काहीतरी सभ्य बोलतील. “पायजे की!” सर म्हणाले. “कोणाला नको? आमच्या आख्ख्या गावात हेडमास्तर झालेला नाय कोण. आय अजून जिती हाय. तिला शाळेत आणून खुर्चीवर बसवणार हाय पयल्या दिवशी, मी उभा ऱ्हाणार.”

जानेवारीत शिक्षण खात्याची तपासणी आली. साहेबांनी सगळ्यांच्या टाचणवह्या टेबलावर मागवल्या आणि आम्हाला समोर बसवलं. सरांची वही उघडून ते मोठ्यानं वाचू लागले. “‘सानिका: फार्महाऊसवाले आईदेखत इंग्रजीत काय बोलतात ते कळणे.’ हे उद्दिष्ट आहे?”

“हाय की, साहेब. श्रवण कौशल्य.”

“आणि साध्य झालं?”

“झालं. जरा जास्तच झालं.”

हेडमास्तरांना राहवलं नाही. “त्यावरून पालकांची तक्रारसुद्धा आली होती, साहेब!” साहेबांनी वही मिटली, माझी उघडली, चार पानं सरसर उलटली आणि सरांपुढे धरली. “याला टाचण म्हणतात. आठ दिवसांत असं लिहून द्या. नाहीतर मला संस्थेला कळवावं लागेल, तुमच्या बढतीचं ते बघतील.”

वर्तुळ आणि राष्ट्रप्रेमाचं ते पान माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ‘साहेब, माझी वही गाइडमधून उतरवलेली आहे, ह्यांची खरी आहे.’ एवढंच वाक्य होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. स्टाफरूममध्ये सगळ्यांची सालं काढणारी मी, तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्या क्षणी खुर्ची दिसली. दुसऱ्या नंबरची माणसं ती रोज बघत असतात.

सरांनी लिहायला घेतलं, खोटं नाही. माझंच गाइड मागून नेलं. तीन पानं उतरवली, मग पेन ठेवलं. म्हणाले, “बाई, ही उद्दिष्टं पोरांची हायत. त्यांना विचारायला पायजे.” आणि एकेकाला बोलावून विचारू लागले, तुझी ओळ बदलू का? पोरांना कसलं काय! “बदला की सर,” प्रणय म्हणाला, “मला आता समद्या कळतात.” सानिका तेवढी वहीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, “माझं नका बदलू, सर. आईला वाचून दाखवलंय मी. तिनं बोट ठेवून बघितलं, माझं नाव कुठं हाय ते.”

सरांनी गाइड मला परत केलं. आठव्या दिवशी जुनीच वही गेली, वर एका ओळीचं पत्र: ‘सदर उद्दिष्टे विद्यार्थ्यांची असल्याने ती बदलण्याचा मला अधिकार नाही.’

जूनमध्ये मी हेडमिस्ट्रेस झाले. पहिल्या दिवशी सरच सगळ्यांच्या आधी केबिनमध्ये आले, “पेढं कुठं हायत, बाई?” म्हणत. मी पेढा दिला, त्यांनी आईसाठी आणखी एक मागून घेतला. तो मी कागदात बांधून दिला. वर्षभर दर शनिवारी ते मान खाली घालून माझी सही घ्यायला यायचे. मी त्यांच्या वहीतली ओळ न् ओळ वाचायचे आणि ‘पाहिले’ असा शेरा मारायचे. त्या वर्षात एकदाही त्यांनी वाकडा शब्द काढला नाही. मला तो हवा होता. निदान एकदा शिवी द्यायची, मला कळली असती.

त्यांच्या निरोपसमारंभाला मी वीस मिनिटं बोलले. ज्ञानयज्ञ काय, निष्काम सेवा काय, सगळं आणलं. पोरं जांभया देत होती. मला लिहून आणलेल्या कागदाच्या शेवटी साहेबांसमोर गिळलेलं ते एक वाक्य घालायचं होतं, आणि मी ते घातलं नव्हतं.

शाल, श्रीफळ स्कूटरच्या डिकीत टाकून सर फाटकाशी थांबले. मी सोडायला गेले होते.

“भाषण झकास झालं, बाई,” ते म्हणाले. “एक विचारायचं ऱ्हायलं. तपासणीच्या वक्ताला साहेबासमोर तुमी तोंड उघडलं व्हतं. मी बघितलं. काय बोलणार व्हता?”

“काही नाही हो,” मी म्हणाले. “पाणी मागणार होते.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, सानिकाकडे बघायचे तसं, उत्तराची वाट बघत. मग गाडीला किक मारली.

“मग मागायचं व्हतं,” ते म्हणाले, आणि गेले.