वाणात आलेली बाटली

"एक गोळी चुकवलेली नाय," नलिनीकाकू तिसऱ्यांदा म्हणाल्या. शेजारी उभ्या सुनेचा विश्वास नव्हता. हातातला रिपोर्टही सुनेच्याच बाजूने होता.

मी परळच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट आहे. लालबागच्या काकूंच्या हृदयात धातूची झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरली आणि मेंदूकडे गेली, तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. ती लागू पडतेय का, हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीत कळतं. काकूंचा आकडा अडीच ते साडेतीन हवा; त्याखाली गुठळीचा धोका. वर्षभर तिथेच होता. मग दोनवर आला. डॉक्टरांनी डोस वाढवला, तर दीडवर उतरला. आज आणखी वाढीव डोसची चिठ्ठी होती.

डोस वाढवूनही आकडा खाली जातो, म्हणजे पेशंट गोळी घेत नाही किंवा भलतंच काही घेतो. मी पाकिटातल्या गोळ्या तपासल्या. बरोबर होत्या.

"दुसरं औषध, काकू? आयुर्वेदिक, होमिओपॅथी?"

"नाय गो."

"जेवणात बदल? पालेभाज्या जास्त?"

"सगळा तसाच."

"झोप?"

"आता बरी लागता."

"आता म्हणजे?"

"हळदीकुंकवापासून," सून म्हणाली. "वाणात कॅप्सूलची बाटली मिळाली ना, 'स्ट्रेस रिलीफ'. तेव्हापासून."

मी कपाळाला हात लावला. "मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"औषध खंय ता? झाडाचो पालो तो. आणि वाणात कोण औषध देता?"

मग हळूहळू कळलं. ऑपरेशननंतर उशीवर डोकं टेकलं की काकूंना झडपेची टिकटिक ऐकू यायची. बंद पडली तर, या भीतीने त्या बसून राहायच्या. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही, काकूंनी सांगितलं नाही.

सून बाटली घेऊन आली. समोर मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के नॅचरल'. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत सेंट जॉन्स वर्ट. हे युरोपातलं पिवळं फूल. सौम्य डिप्रेशनमध्ये त्याचा उपयोग होतो, हे खोटं नाही. पण त्यातली रसायनं यकृताला इतकं कामाला लावतात, की ते इतर औषधंही झपाट्याने संपवून टाकतं. काकू गोळी घेत होत्या आणि फूल ती पळवत होतं.

बाटलीच्या बुडाला आमच्याच दुकानाचा स्टिकर होता.

"सर, या आपण दिल्या?"

"चाळीस बाटल्या. महिला मंडळाला," आमचे मालक सावंतसर म्हणाले. "मीच सुचवलं. प्लास्टिकच्या डब्यांना कंटाळल्यात बायका."

"आत काय आहे, वाचलंत?"

"नॅचरल आहे गं."

"धोतराही नॅचरल आहे."

"झालं हिचं लेक्चर सुरू."

मी डॉक्टरांना फोन लावला. कॅप्सूल बंद करायची होतीच. पण फुलाचा असर ओसरला की वाढवलेला डोस अंगावर येणार. आकडा वर उडाला, तर रक्तस्राव. डॉक्टरांनी नवा डोस थांबवला, दर तीन दिवसांनी तपासणी सांगितली आणि भीतीसाठी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव दिलं.

"मी काय पिशी झालंय?" काकू उखडल्या.

"झडपेसाठी डॉक्टर चालतो, मग टिकटिकीसाठी का नाही?"

उरल्या एकोणचाळीस बाटल्या. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वाणातली कॅप्सूल घेत असाल, तर तुमच्या रोजच्या सगळ्या गोळ्या घेऊन दुकानात या.

"हे माझ्या दुकानावर लागणार नाही," सर म्हणाले.

"परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून माझं नाव आहे. लागणार नसेल, तर ते काढा."

दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत दुकान बंद ठेवावं लागलं असतं. सरांनी स्वतः चिकटपट्टी आणून दिली. मंडळाच्या ग्रुपवर कागदाचा फोटोही गेला.

अकरा बायका आल्या. त्यांतल्या दोघी काउंटर रिकामा व्हायची वाट बघत थांबल्या. दोघींना डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, घरी कुणाला ठाऊक नव्हतं. त्या गोळ्यांबरोबर हे फूल म्हणजे थरथर, घाम, ताप, प्रसंगी थेट अ‍ॅडमिट. एकीचे हात आठवडाभर कापत होते. तिला वाटत होतं, वय झालं. मी तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

महिनाभर काकूंचा आकडा खालीवर होत राहिला. मग अडीचच्या वर येऊन टिकला. टिकटिक अजून ऐकू येते म्हणतात, पण आता त्या ती मोजत बसत नाहीत.

"दुसरं औषध घेता का?" हा प्रश्न मी सोडून दिला आहे. त्याचं उत्तर कायम 'नाही' असतं. आता मी विचारते, "कुणी काही दिलंय का?"

परवा सरांनी विचारलं, पुढच्या संक्रांतीला मंडळाला काय सुचवू.

"गाळणी," मी म्हटलं.