बदनापूरला न चालणारी सीडी
नव्या सीडीच्या प्लॅस्टिकचा वास आला की बदनापूरच्या प्रयोगशाळेतली ती दुपार आठवते. आलेख काढणारी एक मुक्त लायब्ररी, म्हणजे कुणीही वापरावा असा तयार कोडचा संच, सी भाषेत होती. ती पायथन या दुसऱ्या संगणकभाषेतून वापरता यावी म्हणून मी जोडणीचा कोड लिहिला आणि सीडीवर भरून सकाळीच तिथल्या संशोधक मॅडमना नेऊन दिला. तुरीच्या वाणांचे आलेख त्यांना संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. पण पडद्यावर एकच ओळ येत होती, फाइल सापडत नाही. रेल्वेनं जालन्याला परतून मस्तगडच्या माझ्या खोलीत तीच सीडी चालवली, तर बिलकुल ठीक! दुपारी नवी करून बदनापूरला आणली, तरी पडद्यावर तीच ओळ. "मॅडम, माझ्याकडं तर बराबर चालून राह्यलंय," मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. "मंग तुमच्या मशीनवर असं काय आहे, जे माझ्याजवळ न्हाई?" त्यांनी खरंच न कळून विचारलं. माझ्या मशीनवर काय काय बसवलंय ते मी बोटांवर मोजत गेलो आणि उमगलं. मी नुसती जोडणी आणली होती. मूळ लायब्ररी माझ्या मशीनवर कधीचीच बसवलेली होती, त्यामुळं ती सोबत द्यावी लागते हे सुचलंच नव्हतं. ती आणायला पुन्हा जालन्याला जाण्याइतका वेळ नव्हता; तोवर मॅडमनी हातानंच आलेख काढायला आलेखाचा कागद पुढं ओढला होता. मीही पट्टी घेऊन शेजारी बसलो. आज माझी सॉफ्टवेअर पॅकेजेस कुठं कुठं जातात, पण पाठवण्याआधी मी ती दुसऱ्याच्याच मशीनवर चालवून बघतो.